विरघळणारी परांची

सिझेरियन असो, हर्निया असो, की पायरीवरून पडलेल्या पोराच्या हनुवटीची खोक असो, घरी सोडताना डॉक्टर सांगतात, “टाके काढायला यायला नको, विरघळणारे आहेत.” घरच्यांना हायसं वाटतं आणि विषय तिथेच संपतो. तो दोरा गेला कुठे, असं सहसा कुणी विचारत नाही. पण काही शल्यविशारद आणि रसायनतज्ज्ञ गेली चाळीस वर्षं याच प्रश्नाला धरून बसले आहेत. दोरा जखम सांधून निघून जात असेल, तर त्याच द्रव्याची परांची बांधून तिच्यावर जिवंत पेशी चढवता येतील का? पेशी आपली ऊती विणतील, परांची विरघळून जाईल आणि मागे उरेल तो माणसाचा स्वतःचा कान, स्वतःची रक्तवाहिनी, स्वतःचं मूत्राशय, अशी ही कल्पना आहे. ऊती अभियांत्रिकी नावाची सगळी विद्याशाखा याच कल्पनेवर उभी राहिली.

हे ऐकायला जेवढं सरळ वाटतं, तेवढं ते निघालं नाही. बांधण्यापेक्षा वेळेवर निघून जाणंच जास्त अवघड ठरलं.

नापास झालेलं प्लास्टिक

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत विरघळणारा टाका म्हणजे कॅटगट, म्हणजे मेंढीच्या किंवा गुराच्या आतड्यापासून केलेला दोरा. शरीरातली पाचकद्रव्यं तो पचवत. पण किती दिवसांत पचवतील याचा नेम नसे. कुणाचा आठवड्यात सैल पडे, कुणाच्या जखमेभोवती लाली आणि सूज येई.

दुसरीकडे, 1930च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या ड्यूपाँ कंपनीत वॉलेस कॅरोथर्स हा रसायनतज्ज्ञ पॉलिएस्टर जातीची द्रव्यं बनवून पाहत होता. लॅक्टिक आम्लाचे रेणू एकमेकांना जोडून केलेलं पॉलिमरही त्यांत होतं. कपड्यांसाठी ही द्रव्यं कुचकामी ठरली. काही कमी उष्णतेत वितळत, काही पाण्याने सुटी होत. कॅरोथर्स त्यांचा नाद सोडून दुसऱ्या वाटेला लागला आणि त्याच्या हाती नायलॉन आलं. पाण्यात टिकत नाही म्हणून बाजूला टाकलेल्या या द्रव्यांकडे शल्यविशारदांचं लक्ष गेलं ते तीसएक वर्षांनी, आणि गेलं तेही नेमक्या त्याच दोषामुळे.

1966 साली ‘आर्काइव्ह्ज ऑफ सर्जरी’ या नियतकालिकात एक छोटा निबंध आला. विषय होता शस्त्रक्रियेत शरीरात बसवण्यासाठी पॉलिलॅक्टिक आम्लाचा वापर. काम अमेरिकन लष्कराच्या वैद्यकीय प्रयोगशाळेतलं, आणि लेखकांच्या यादीतलं पहिलं नाव आर. के. कुलकर्णी. प्राण्यांच्या शरीरात हे पॉलिमर हळूहळू विरतं आणि आसपासच्या ऊतींना त्रास देत नाही, असं या गटाला आढळलं. आजच्या बहुतेक विरघळणाऱ्या स्क्रूंची, पट्ट्यांची आणि जाळ्यांची वंशावळ या निबंधाला येऊन मिळते.

1970च्या सुमारास पॉलिग्लायकॉलिक आम्लाचा ‘डेक्सॉन’ हा दोरा बाजारात आला. पाठोपाठ 1974 साली ‘व्हिक्रिल’ आला. त्यात नव्वद भाग ग्लायकोलाइड आणि दहा भाग लॅक्टाइड असतं. आपल्याकडच्या शस्त्रक्रियागृहांत रोज फाडल्या जाणाऱ्या पाकिटांमधला जांभळा दोरा बहुधा हाच. रक्तामांसात उठून दिसावा म्हणून तो जांभळा रंगवतात. तीन आठवड्यांत त्याची निम्मी ताकद जाते आणि दोन-सव्वादोन महिन्यांत तो नाहीसा होतो.

तो पचत मात्र नाही, त्याला पाणी तोडतं. या पॉलिमरच्या साखळीत ठरावीक अंतरावर एस्टर बंध असतात. पाण्याचा रेणू त्या बंधाशी पोचला की बंध तुटतो. साखळ्या आखूड होत जातात आणि शेवटी लॅक्टिक व ग्लायकॉलिक आम्ल उरतं. लॅक्टिक आम्ल शरीराला अनोळखी नाही, धावपळ केल्यावर स्नायूंत तेच तयार होतं. पेशी ते जाळतात, आणि कार्बन डायऑक्साइड व पाणी होऊन ते बाहेर पडतं. म्हणजे टाका श्वासावाटे निघून जातो, असं म्हटलं तर त्यात अतिशयोक्ती थोडीच आहे.

त्यातली खुबी अशी की हा वेग ठरवता येतो. लॅक्टिक आम्लाच्या रेणूला एक जादा मिथिल गट असतो आणि तो पाण्याला दूर ठेवतो. म्हणून पॉलिग्लायकॉलिक आम्ल काही महिन्यांत संपतं, तर स्फटिकी पॉलिलॅक्टिक आम्ल दोन वर्षं किंवा त्याहूनही जास्त टिकतं. पॉलिकॅप्रोलॅक्टोन आणखी सोशिक. मग लॅक्टिक आणि ग्लायकॉलिक निम्मं-निम्मं मिसळलं तर टिकाऊपणाही मधला यायला हवा, असं कुणालाही वाटेल. पण ते मिश्रण दोन्हींपेक्षा लवकर विरतं. मिसळल्यामुळे साखळ्यांना ओळीने दाटीत बसता येत नाही आणि मधल्या मोकळ्या जागांतून पाणी शिरतं.

बोस्टनमधली टंचाई

1980च्या दशकात बोस्टनमध्ये जोसेफ व्हॅकान्टी लहान मुलांच्या यकृतरोपणाच्या शस्त्रक्रिया करत. यकृतं कमी आणि वाट पाहणारी मुलं जास्त. मिळालेलं यकृत मुलाच्या मापाचं असेलच असंही नव्हतं. शेजारच्या केंब्रिजमधल्या एमआयटीत रॉबर्ट लँगर हे रसायन अभियंते पॉलिमरमधून औषध हळूहळू कसं सोडायचं यावर काम करत होते. दोघांनी मिळून विचार सुरू केला की अवयव मिळत नसेल, तर पेशींपासून वाढवावा.

बशीत पेशी वाढतात, पण एका थरात. जाड गोळा केला की मधल्या उपाशी मरतात. केप कॉडच्या किनाऱ्यावर पाण्यात हलणारं, फांद्याफांद्यांचं समुद्रशेवाळ पाहताना व्हॅकान्टींना वाट सुचली, असं सांगितलं जातं. फांद्या फुटत गेल्या की थोड्या जागेत प्रचंड पृष्ठभाग मिळतो आणि प्रत्येक भागाला पाणी लागतं. मग पॉलिमरचीच अशी फांद्यांची, छिद्रांची रचना का करू नये? 1988 साली या गटाचा पहिला निबंध आला आणि 1993 साली लँगर-व्हॅकान्टींचा ‘टिश्यू इंजिनिअरिंग’ हा लेख ‘सायन्स’ने छापला. पुढची पिढी तो वाचून या क्षेत्रात आली.

सुरुवातीच्या कितीतरी परांच्या टाक्यांच्या दोऱ्याचीच जाळी विणून केलेल्या होत्या. मधुमेहींच्या पायाच्या चिघळलेल्या जखमांसाठी अमेरिकेत 2001 साली मान्य झालेलं ‘डर्माग्राफ्ट’ म्हणजे व्हिक्रिलच्या जातीची जाळी आणि तिच्यावर वाढवलेल्या, नवजात बाळाच्या सुंतेतून मिळालेल्या त्वचेच्या पेशी.

मिठाची करामत

परांचीला छिद्रं पाडायची कशी? याचं जुनं आणि आजही विद्यार्थ्यांना पहिल्यांदा शिकवलं जाणारं तंत्र मिठाचं आहे. पॉलिमर क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवायचं. नेमक्या आकाराच्या चाळणीतून चाळलेलं मीठ त्यात घालायचं, आणि तेही सढळ हाताने, म्हणजे वजनात पॉलिमरच्या नऊपट वगैरे. हे बशीत ओतून ठेवायचं. क्लोरोफॉर्मचा गोडसर वास हळूहळू उडून जातो आणि बशीत पांढरी, कडक चकती उरते. ती पाण्यात टाकायची आणि दोन दिवस पाणी बदलत राहायचं. काढलेल्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकून पांढुरकेपणा येतो का पाहायचं. तो आला नाही की मीठ संपलं. चकती आता नव्वद टक्के पोकळ असते. मिठाचा प्रत्येक कण जिथे होता, तिथे पेशींसाठी खोली झालेली असते.

एवढं करून चकती पेशींच्या द्रवात सोडली की ती तरंगते. पॉलिमरला पाण्याचं वावडं असल्याने छिद्रांत हवा अडकून राहते. म्हणून आधी तिला अल्कोहोलमध्ये भिजवून मग पाण्यात आणावं लागतं. त्यानंतर पेशी सोडायच्या आणि गुलाबी रंगाचं पोषकद्रव्य घालायचं. त्यातला रंग आम्ल वाढलं की पिवळा पडतो. पिवळेपणा दिसला की काम करणाऱ्याच्या कपाळाला आठी पडते. पेशी जोमाने खातपीत आहेत, की परांचीच आम्ल सोडत विरू लागली आहे, हे नुसत्या रंगावरून कळत नाही.

आता या कामाला विद्युतभाराने सूत कातणारी यंत्रं आहेत, त्रिमितीय छपाई आहे. पण आधार देण्यापलीकडे परांची काय करते, हे हळूहळू उलगडत गेलं. कूर्चेच्या, म्हणजे सांध्याच्या आणि कानाच्या लवचीक हाडाच्या पेशी सपाट बशीत वाढवल्या, तर त्या आपला धर्म सोडतात आणि कूर्चेऐवजी व्रणासारखं तंतुमय कोलॅजन विणू लागतात. त्यांना पुन्हा तिन्ही बाजूंनी आधार दिला, तर त्या मूळ वळणावर येतात. 2006 साली अमेरिकेतल्या एंग्लर आणि डिशर यांच्या गटाने दाखवलं की अस्थिमज्जेतल्या त्याच मूळपेशी मऊ पृष्ठभागावर चेतापेशींसारख्या, मध्यम ताठ पृष्ठभागावर स्नायूंसारख्या आणि कडक पृष्ठभागावर हाडासारख्या होऊ लागतात. कुठे उभं आहोत हे पेशी चाचपून पाहतात आणि त्याप्रमाणे वागतात.

पुण्यातलं नाक, उंदरावरचा कान

परांचीत पेशी वाढल्या, तरी त्यांना रक्त कोण पुरवणार? शरीरातली बहुतेक कुठलीही पेशी जवळच्या केशवाहिनीपासून 100 ते 200 मायक्रॉनपेक्षा लांब नसते. त्यापलीकडे प्राणवायू पोचत नाही. या एका मर्यादेने या क्षेत्राचा सगळा नकाशा आखला आहे. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतातच, म्हणून तिथे लवकर यश आलं. त्वचा, मूत्राशय, रक्तवाहिनी यांच्या भिंती पातळ, म्हणून तिथे प्रयत्न झाले. यकृत, मूत्रपिंड आणि हृदय मात्र अजून लांबच आहेत. ज्या यकृतासाठी हे सगळं सुरू झालं, ते अजून कुणाला वाढवून देता आलेलं नाही.

रक्तपुरवठ्याची ही अडचण आपल्याकडच्या एका कारागिराने दोनशे वर्षांपूर्वी नेमकी ओळखली होती. टिपूच्या कैदेत नाक आणि हात गमावलेल्या कावसजी नावाच्या मराठा गाडीवानाला पुण्याजवळ एका वीटभट्टीवाल्याच्या जातीतल्या वैद्याने नवं नाक करून दिलं. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये 1794 साली त्याचा वृत्तान्त आणि चित्र छापून आलं. वैद्याने मेणाची पातळ पट्टी नाकाच्या जागी बसवून माप घेतलं, ती कपाळावर सपाट पसरली, तिच्याभोवती रेघ मारली आणि तेवढी कातडी सोडवली. पण दोन भुवयांच्या मधली चिंचोळी पट्टी त्याने तोडली नाही. तिच्यातून नव्या नाकाला रक्त मिळत राहिलं. नाक जागी धरल्यावर, पंचविसाव्या दिवसाच्या आसपास, ती पट्टी कापली. आकाराला मेण, जगायला रक्त आणि आधार काढून घ्यायला नेमका दिवस, हा सगळा हिशोब त्यात होता. युरोपातली नाकाची शस्त्रक्रिया या वृत्तान्तानंतर पुन्हा उभी राहिली.

1997 साली जगाने पाहिलेला उंदीर मात्र रक्ताचा प्रश्न टाळून केलेला होता. जोसेफचे भाऊ चार्ल्स व्हॅकान्टी, यिलिन काओ आणि सहकाऱ्यांनी तीन वर्षांच्या मुलाच्या कानाच्या आकाराची पॉलिमरची परांची केली, तिच्यात वासराच्या कूर्चेच्या पेशी पेरल्या आणि ती प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदराच्या पाठीच्या कातडीखाली बसवली. पाठीवर कान घेऊन बसलेल्या त्या उंदराचा फोटो जगभर गेला. लोक भडकले. पुढे वर्तमानपत्रातल्या एका जाहिरातीने तो जनुकबदलाचा नमुना म्हणून दाखवला. त्याच्या जनुकांना कुणी हातही लावलेला नव्हता.

तो कान माणसापर्यंत यायला वीस वर्षं लागली. 2018 साली चीनमधल्या गटाने, ज्यात काओही होते, पाच मुलांचा अहवाल प्रसिद्ध केला. या मुलांचा एक कान जन्मतःच अविकसित होता. चांगल्या कानाचं स्कॅन उलटं करून आकार घेतला, अविकसित कानातल्याच पेशी काढून वाढवल्या, त्या परांचीत पेरल्या आणि तीन महिन्यांनी कान बसवला. परांची दुहेरी होती. बाहेर लवकर विरणारं द्रव्य आणि आत वर्षानुवर्षं टिकणाऱ्या पॉलिकॅप्रोलॅक्टोनची जाळी. कारण ताजी कूर्चा कोवळी असते आणि वरची कातडी तिला दाबत राहते. स्लॅबचं सेंटरिंग घाईने उतरवलं तर काय होतं, ते आपल्याकडे कुठल्याही गवंड्याला विचारावं.

जिथे गणित चुकलं

2006 साली अँथनी अटाला यांनी ‘लॅन्सेट’मध्ये सात मुला-तरुणांची हकिगत दिली. जन्मजात पाठीच्या कण्याच्या दोषामुळे त्यांची मूत्राशयं ताठ झाली होती. त्यांच्याच मूत्राशयाच्या पेशी घेऊन, आतून अस्तराच्या आणि बाहेरून स्नायूच्या पेशी परांचीवर पेरून, सुमारे सात आठवड्यांनी बसवल्या. प्रयोगशाळेत अवयव वाढला, अशी बातमी झाली. मग एका कंपनीने हेच तंत्र रीतसर चाचणीत नेलं. 2014 साली निकाल आले. अपेक्षित फायदा दिसला नाही, उलट गंभीर दुष्परिणाम दिसले. त्याच वर्षाच्या अखेरीस कंपनी दिवाळखोरीत गेली.

स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतलं प्रकरण तर फौजदारी न्यायालयात गेलं. पाओलो मॅकियारिनी यांनी 2011 पासून तिथे तीन रुग्णांना प्लास्टिकच्या श्वासनलिका बसवल्या. वर मूळपेशी पेरल्या की नळी जिवंत होईल, असा त्यांचा दावा होता. पहिल्या नळीचं प्लास्टिक विरघळणाऱ्या जातीचं नव्हतंच. तिच्यात रक्तवाहिन्या शिरल्या नाहीत, पेशींचं अस्तर धरलं नाही, आणि तिन्ही रुग्ण आज हयात नाहीत. 2023 साली स्वीडनच्या अपील न्यायालयाने मॅकियारिनींना अडीच वर्षांची शिक्षा दिली. आधी जनावरांवर पुरेशी तपासणी न करता माणसांवर प्रयोग झाले, ही या प्रकरणातली मुख्य तक्रार.

आम्लाचाही एक छुपा डाव आहे. परांची जाड असली की आतल्या भागात तयार झालेलं आम्ल बाहेर निघू शकत नाही, आणि तेच आम्ल उरलेले बंध तोडायला मदत करतं. त्यामुळे तुकडा बाहेरून शाबूत दिसतो, पण आतून पोकळ होत जातो. कवच फुटलं की साठलेलं आम्ल एकदम सुटतं आणि आसपास सूज येते. हाडांसाठीच्या सुरुवातीच्या विरघळणाऱ्या स्क्रूंना या दुखण्याने बराच काळ छळलं.

पेशी गेल्या, काम झालं

2000 सालच्या आसपास टोकियोत तोशिहारु शिनोका यांनी चार वर्षांच्या एका मुलीच्या फुप्फुसाची धमनी नव्याने बसवली. तिच्याच शिरेतल्या पेशी विरघळणाऱ्या नळीवर वाढवल्या होत्या. लहान मुलात कृत्रिम नळी घातली की मूल वाढतं, पण नळी वाढत नाही, आणि पुन्हा छाती उघडावी लागते. स्वतःच्या ऊतीची नळी सोबत वाढेल, ही आशा होती.

पुढे शिनोका अमेरिकेत गेले. तिथे ख्रिस्तोफर ब्रॉयर आणि सहकाऱ्यांनी उंदरांत शोध घेतला की पेरलेल्या पेशींचं पुढे होतं काय. 2010 साली उत्तर आलं. त्या पेशी काही दिवसांत नाहीशा होतात. जाण्याआधी त्या रासायनिक हाका घालतात, त्या ऐकून शरीराच्या स्वतःच्या संरक्षक पेशी नळीत येऊन दाह होतो, आणि त्यांच्या मागोमाग शेजारच्या रक्तवाहिनीतून नवी भिंत सरकत येते. ज्या दाहाला सगळे शत्रू समजत होते, तोच मुकादम निघाला.

अमेरिकेतल्या चाचणीत मुलांमधल्या या नळ्या पहिल्या सहा महिन्यांत अरुंद होऊ लागल्या आणि फुग्याने रुंद कराव्या लागल्या. तंत्र फसलं असं वाटत असताना संगणकावरच्या गणिताने वेगळंच भाकीत केलं, की परांची विरून दाह ओसरला की अरुंदपणा आपोआप कमी होईल. मेंढ्यांवर ते तपासलं. 2020 साली ‘सायन्स ट्रान्स्लेशनल मेडिसिन’मध्ये निकाल आला तो भाकिताप्रमाणेच.

लॉरा निकलसन यांनी तर पेशी मुद्दामच काढून टाकल्या. 1999 साली त्यांनी पॉलिग्लायकॉलिक आम्लाच्या जाळीवर, नाडीसारखे ठोके देत, डुकराच्या पेशींपासून रक्तवाहिनी वाढवली होती. पुढे त्यांच्या ह्युमासाइट कंपनीने माणसाच्या पेशी घेतल्या. पेशी काही आठवडे कोलॅजन विणतात, जाळी विरते, मग पेशीही धुऊन काढतात. राहतं ते कोलॅजनचं निव्वळ विणकाम. ते कुणाच्या शरीराला परकं वाटत नाही आणि शीतकपाटात ठेवता येतं. युक्रेनच्या युद्धातल्या जखमींवर ते वापरलं गेलं. डिसेंबर 2024 मध्ये अमेरिकेने हातापायांच्या धमन्यांच्या दुखापतींसाठी त्याला मान्यता दिली, पण नळी निकामी होण्याचा ठळक इशारा जोडूनच.

चुन्याची पुडी

आपल्याकडे या विषयाचा सर्वांत थेट संबंध येतो तो तंबाखूबरोबर मिळणाऱ्या चुन्याशी. चुन्याची प्लास्टिकची पुडी मूल दाबतं, ती फुटते आणि चुना डोळ्यात उडतो. बुबुळाच्या कडेला असलेल्या मूळपेशी जळतात, काचेसारख्या पारपटलावर पांढरी साय चढते, आणि नेत्रदानातलं पारपटल बसवूनही उपयोग होत नाही, कारण त्याची देखभाल करणाऱ्या पेशीच उरलेल्या नसतात.

हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत वीरेंद्र सांगवान आणि सहकाऱ्यांनी यावर 2012 साली एक सोपा मार्ग प्रसिद्ध केला. चांगल्या डोळ्याच्या कडेचा जेमतेम दोन मिलिमीटरचा तुकडा काढायचा, त्याचे बारीक कण करायचे आणि जळलेल्या डोळ्यावर वारेचा पातळ पडदा पसरून त्यावर ते चिकटवायचे. पेशी तिथेच, डोळ्यावरच वाढतात. महागड्या, निर्जंतुक प्रयोगशाळेची गरज उरत नाही.

वारेचा पडदा मिळवायचा तर बाळंतिणीची संमती, रक्ताच्या तपासण्या, अतिथंड साठवण हे सगळं आलं. म्हणून शेफिल्ड विद्यापीठातल्या शीला मॅक्नील यांच्या गटाबरोबर या संस्थेने लॅक्टिक-ग्लायकॉलिक मिश्रणाचा, सूत कातून केलेला पडदा पाच रुग्णांवर वापरून पाहिला. पडदा काही आठवड्यांत विरून जातो. अशा छोट्या चाचणीवरून मोठे दावे करता येत नाहीत, पण दिशा योग्य आहे.

महाराष्ट्रातही काम चाललं आहे. मुंबईच्या रिग्रो बायोसायन्सेसच्या गुडघ्याच्या कूर्चेसाठीच्या उपचाराला 2017 साली देशात मान्यता मिळाली. त्यात रुग्णाच्याच कूर्चेच्या पेशी वाढवून फायब्रिनच्या जेलमधून परत देतात. फायब्रिन म्हणजे रक्त गोठताना तयार होणारं, शरीराने स्वतः बांधलेलं आणि स्वतःच मोडणारं जाळं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतून निघालेली सेरिजेन ही कंपनी रेशमाच्या प्रथिनापासून जखमांसाठी आणि हाडातल्या पोकळ्यांसाठी सच्छिद्र आधार बनवते.

कायद्याच्या नजरेत मात्र परांचीचे दोन जन्म आहेत. नुसती परांची असेल तर ती वैद्यकीय उपकरणांच्या 2017च्या नियमांत बसते. तिच्यावर पेशी चढवल्या की 2019च्या नियमांनुसार ते नवं औषध होतं, आणि चाचण्या, खर्च, वर्षं सगळंच वाढतं. त्यामुळे अनेक संशोधक आता पेशीविना परांची करण्याकडे वळले आहेत. त्यांना विज्ञानाचाही पाठिंबा आहे, कारण बरंचसं बांधकाम शरीरच करतं.

पण या दोन वाटांच्या मधल्या आडवाटेला दुकानं थाटलेली आहेत. गुडघा, कंबर, टक्कल, मधुमेह, सगळ्यांवर ‘मूळपेशी’ टोचून देणाऱ्यांच्या जाहिराती आपण रोज पाहतो. तिथे पैसे मोजण्याआधी चार साधे प्रश्न विचारावेत. पेशी कुणाच्या आणि कुठून काढलेल्या? त्या कशावर बसवणार? तो आधार किती दिवसांत विरतो? आणि तो विरेपर्यंत भार कोण घेणार? ज्यांनी हे काम खरोखर केलं आहे, त्यांनी या चौथ्या प्रश्नावर आयुष्य घालवलं आहे, आणि बहुतेकदा त्यांचं उत्तर लांबलचक, आकड्यांनी भरलेलं आणि अटी-शर्तींनी जखडलेलं असतं. एका वाक्यात, हसतमुखाने आणि हमीसह उत्तर मिळालं, तर खुर्चीवरून उठावं.